चौथ्या भागाचे गुरुजी

लक्ष्मीपुरीत नागाप्पांचं भुसार दुकान आहे आणि त्याच्या माळ्यावर त्यांच्या धाकट्या मुलाचं, वीरेशचं, गेम झोन. वर जायचा जिना मिरचीच्या पोत्यांमागून जातो, त्यामुळं वर येणारं प्रत्येक पोर आधी शिंकतं आणि मग दिसतं. नागाप्पा गल्ल्यावर बसल्या बसल्या नुसत्या शिंकेवरून माणूस ओळखतात. बारीक बारीक शिंका एकामागून एक आल्या की त्यांची नात शांभवी. तोफेसारखी एकच आली की राजवीर. आणि शिंक येता येता थांबली, नाकात अडकली, परत फिरून आली, असं झालं की मान वर न करताच ते म्हणतात, "या गुरुजी."

आकाराम गुरुजी बिद्रीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. चौथीचा वर्ग आणि सगळ्या शाळेची चित्रकला, दोन्ही त्यांच्याकडं. निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात मुलाकडं राहायला आले आणि नात क्रांती हिला या माळ्यावर सोडायचं नि परत न्यायचं काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला ते कोपऱ्यातल्या बाकावर पेपर वाचत बसत. मग पेपर संपला की पडद्याकडं बघू लागले. मग पेपर आणायचंच विसरू लागले.

पडद्यावर बहुतेक वेळा एकच खेळ असायचा, 'होकोरा'. ही जपानी खेळांची मालिका, गेली पस्तीस वर्षं चाललेली. आतापर्यंत दहा भाग आलेले. प्रत्येक भागात चार वाटसरू एका देशातून पायी निघतात, गावोगावच्या माणसांना भेटतात, त्यांची दुखणीभांडणं निस्तरतात, भुतांशी लढतात आणि वाटेवरच्या छोट्या दगडी देवळीपाशी थांबून दम खातात. तिथं थांबलं की तोवरचा खेळ जपून ठेवला जातो. त्या देवळीलाच जपानीत होकोरा म्हणतात. क्रांतीनं हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "म्हणजे आपला वेशीवरचा म्हसोबा की!" तेव्हापासून त्या माळ्यावर कुणी 'सेव्ह कर' म्हणत नाही. "म्हसोबाला जाऊन ये आधी," असं म्हणतात.

गुरुजी नुसते बघे राहिले असते, पण निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या हातांना कंप सुटला होता, आणि या गोष्टीत त्या कंपाचा मोठा वाटा आहे. कुंचला धरला की रेघ शहारून जायची. त्यांनी रंगपेटी पुतण्याला देऊन टाकली, आणि हा विषय घरात निघू नये असं कुणाला न बोलता सगळ्यांना सांगून टाकलं. चहासुद्धा ते बशी दोन्ही हातांनी धरून पीत. अशा माणसाच्या हातात एके दिवशी शांभवीनं कंट्रोलर कोंबला, कारण तिला घाईची लागली होती.

"धरा हो गुरुजी, मी आलेच. काय बी दाबू नका!"

चौथा भाग चालू होता. त्या भागात लढाई पाळीपाळीनं होते. वाटसरू एका बाजूला रांगेत, भुतं दुसऱ्या बाजूला. तुमची पाळी आली की खेळ थांबतो. तलवार चालवायची, औषध द्यायचं, पळायचं की नुसतं अंग चोरून उभं राहायचं, हे ठरवायला हवा तेवढा वेळ मिळतो. समोरचं भूत कितीही उग्र असो, तुमचं ठरेपर्यंत ते जागच्या जागी डुलत राहतं. बोट थरथरून दुसरीकडं गेलं तर परत आणता येतं. गुरुजींनी बराच वेळ विचार केला. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्या भिक्षूला औषध दिलं, पुढच्या पाळीला धनुर्धारी पोरीला पुढं काढलं, आणि शांभवी परत आली तेव्हा भूत आडवं पडलेलं होतं.

"कुणी मारलं?"

"गुरुजींनी," राजवीर म्हणाला.

शांभवीनं कमरेवर हात ठेवले. "काय बी न दाबता?"

त्या दिवसापासून गुरुजी बाकावरून सतरंजीवर आले. मे महिन्यात शाळा सुटल्या की वीरेश 'होकोरा'चा एक भाग मोठ्या पडद्यावर लावतो आणि माळ्यावरची सगळी पोरं तो महिनाभर मिळून खेळतात. त्याला ती मोहीम म्हणतात. एका मेमध्ये चौथा झाला, पुढच्या मेमध्ये सहावा, आणि दोन्ही मोहिमांत गुरुजी होते. पात्रांचं बोलणं इंग्रजीत लिहून येई. ते पोरांनी मोठ्यानं वाचायचं, अडलेला शब्द गुरुजींनी सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून तो कोल्हापुरात आणायचा. खेळातला कुठलाही गावकरी वाटसरूंना भेटला की राजवीर घसा खाकरून त्याचं पहिलं वाक्य म्हणे, "या पावणं, कुठलं म्हणायचं आपण?" मूळ वाक्य काय का असेना.

औषध कधी द्यायचं, कुणाला पुढं काढायचं, हे पोरं गुरुजींना विचारत. क्रांती अभिमानानं शेजारी बसे. घरात ज्या माणसाच्या पुढ्यातली पाण्याची तांब्याभांडी सगळे धास्तीनं जरा लांब सरकवून ठेवत, तो माणूस इथं महिनाभर सेनापती असे.

आणि मग यंदा दहावा भाग आला.

क्रांती वर्षभर त्याची वाट बघत होती. वीरेशनं तो आणल्या आणल्या संध्याकाळी जरा वेळ लावून दाखवला. पडदा उजळला आणि माळ्यावरचा दंगा एकदम बसला. पाऊस पडून गेलेलं शिवार होतं. वाफ्यांतलं पाणी आभाळासकट हलत होतं. एक एक वाटसरू कुणीतरी हातात घ्यायचा, चौघांनी एकदम खेळायचं. क्रांतीनं तिसरा कंट्रोलर गुरुजींच्या हातात दिला.

पहिलं भूत झाडामागून आलं आणि थांबलंच नाही. इथं पाळी नव्हती. ते धावून येई, आपण उडी मारून बाजूला व्हायचं, त्याच क्षणी वळून वार करायचा, परत सरकायचं. गुरुजींचं बोट बटणापर्यंत पोचेतो त्यांचा वाटसरू चिखलात पालथा पडलेला असे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बटण शोधलं, दाबलं, आणि त्यांचा वाटसरू मोठ्या ऐटीत भूत सोडून भलत्याच दिशेला, एका गोठ्याच्या भिंतीवर, तलवार चालवत सुटला. राजवीर फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. ते गप्प होणं गुरुजींना हसण्यापेक्षा जास्त लागलं.

क्रांतीनं त्यांच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. "आजोबा, याची बटणं जरा कडक हायत," ती म्हणाली.

बटणं कडक नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं.

त्या रात्री जेवताना गुरुजींनी मनाशी पक्कं केलं, की यंदाच्या मोहिमेला पुन्हा चौथाच भाग लागला पाहिजे. नव्या पोरांनी तो खेळलेला नव्हता, एवढं कारण पुरेसं होतं. खरं कारण निराळं होतं. दहावा लागला तर ते परत बाकावर जाणार होते, हातात पेपर घेऊन. क्रांती आता आठवीत जाईल. नातवंडांनी आजोबाला बरोबर घ्यावं अशी वर्षं फार नसतात, आणि त्यांतलं एक असं भिंतीवर तलवार मारण्यात जाणार होतं.

कुठला भाग लावायचा याची बैठक रविवारी सकाळी भरली. वीरेशची रीत ठरलेली आहे. जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्यांवर तीन भागांच्या डब्या ठेवायच्या. ज्याला बोलायचं त्यानं आपल्या भागाच्या बाजूनं बोलायचं. मग प्रत्येकानं आपल्या चपला उचलून आवडत्या डबीच्या पायरीवर ठेवायच्या. ज्या पायरीवर चपला जास्त तो भाग लागणार.

"बूट घालून आलेल्यानं दोन मतं समजायची न्हाईत," वीरेशनं आधीच बजावलं. "मागल्या वर्षी कुणीतरी सॉक्स बी ठेवलेते."

सगळ्यांनी राजवीरकडं बघितलं.

"सहावा!" राजवीर उठून उभा राहिला. "सहाव्यासारखा भाग झाला न्हाय नि होणार न्हाय. तोंडं बटाट्यासारखी हायत, मान्य. चालताना माणसं भिंतीत घुसत्यात, मान्य. पण गाणं ऐका की! त्या बाजाराच्या गावात शिरलं की ते वाजतंय ते. पूर येऊन जातोय, निम्मं गाव वाहून जातंय, आपण परत त्या गावात येतोय. गाणं तेच. पण त्यातली बासरी न्हाय. बासरीवाला गेलेला असतोय. कुणी सांगत न्हाय आपल्याला. नुसती बासरी न्हाय." तो जरा थांबला. आपण रडवेले झालो की काय अशी शंका आल्यासारखा घाईनं म्हणाला, "नाद खुळा भाग हाय. संपलं माझं."

मग गुरुजी उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागं एकात एक गुंतवले होते. वर्गात फळ्यासमोर उभे राहत तसे.

"चौथ्यात चित्र कशाचं हाय? ठिपक्यांचं," त्यांनी सुरुवात केली. "रांगोळीसारखं. माणूस केवढा? माझ्या अंगठ्याएवढा. त्याला धड तोंड न्हाय. त्या काळी यंत्रात जागाच तेवढी होती. आता असल्या माणसाला रडताना कसं दाखवायचं? शांभवी, सांग."

"पाणी काढायचं डोळ्यातनं."

"डोळाच एक ठिपका हाय, पाणी कुठनं काढशील? त्यांनी काय केलं, ती गावातली विधवा बाई आठवतीया? आपण तिच्या नवऱ्याची कुऱ्हाड घेऊन जातो. ती कुऱ्हाड घेते आणि पाठ फिरवून उभी राहते. बास. चेहऱ्याचे ठिपके गेले, केसांचे आले. आणि तुम्ही सगळी गप्प बसलासा त्या दिवशी. राजवीर तर पाणी प्यायला खाली गेला."

"तहान लागलेली," राजवीर म्हणाला.

"आणि तो घाटावरचा नावाडी. कवाबी जावा, एकच वाक्य. पाणी उतरलं की सोडतो, पावणं. खेळ संपेपर्यंत पाणी काय उतरत न्हाय आणि तो काय उठत न्हाय. एवढ्याशा वाक्यात म्हातारा आख्खा उभा केलाय. ज्याच्याकडं थोडं असतं त्यानं ते कसं वापरावं, हे चौथ्यात शिकायला मिळतं. नव्या पोरांनी हे बघितलंच पाहिजे." ते खाली बसले. बोलणं चांगलं झालं होतं, आणि त्यांतला शब्दन् शब्द खरा होता. तरी मनात कुठंतरी खडा टोचत राहिला.

क्रांती उठली. तिनं आजोबांकडं बघितलं नाही.

"दहाव्यात तो घाट हाय," ती म्हणाली.

माळ्यावर कुजबुज झाली.

"मी बघितला काल. चौथ्यानंतर तीनशे वर्षांनी घडतोय दहावा. आधी मला कळलंच न्हाय कुठं हाय मी. सगळीकडं शेतं. मग पायऱ्या दिसल्या, शेताच्या मधोमध. खाली उतरत गेलेल्या, आणि खाली काय न्हाय, नुसतं गवत. नदीच न्हाय आता. त्या गवतात नाव पडलीया, कलती, आणि त्यात कोंबड्या राहत्यात." ती थांबली. "पाणी उतरलं, आजोबा."

गुरुजींच्या अंगावर काटा आला. तो त्यांनी लपवला नाही. लपवता आलाही नसता.

"कोण काय बोलत न्हाय तिथं," क्रांती सांगत होती. "पाटी न्हाय, काय न्हाय. ज्यानं चौथा खेळलाय त्यालाच कळतंय. बाकीच्यांना नुसत्या कोंबड्या. म्हणून मला वाटतंय, दहावा लावावा." ती पटकन बसली आणि सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

वीरेश म्हणाला, "चला, चपला." पण शांभवी मधेच उभी राहिली. ती बैठकीत नेहमी मधेच उभी राहते.

"थांबा की काका! गुरुजी, चौथा चांगला हाय ते सांगितलंसा. दहाव्यात वाईट काय हाय, ते कुठं सांगितलंसा?"

ते गुरुजींनी घरून तयार करून आणलं होतं. नुसता चकचकाट, डोळ्यांना त्रास, विचाराला जागा नाही, नुसती धावाधाव. सगळं जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. सगळी पोरं त्यांच्याकडं बघत होती, चौथीचा वर्ग बघतो तशी. ते जे सांगतील ते खरं धरून चालायला तयार असलेली. असल्या तोंडांपुढं त्यांनी आजवर चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं नव्हतं.

"तो थांबत न्हाय," ते म्हणाले.

"कोण?"

"खेळ. माझं बोट बटणावर जाईस्तोवर चौथा थांबतो. दहावा थांबत न्हाय." त्यांनी पाठीमागचे हात पुढं आणून मांडीवर ठेवले. हात थरथरत होते. सगळ्यांना रोज दिसत होतेच, पण दाखवले आज पहिल्यांदा. "पण हे काय त्या खेळातलं वाईट न्हाय. हे माझ्या हातातलं हाय. ते त्याच्या खात्यावर टाकणं बरोबर न्हाय."

खालून नागाप्पा कुणाला तरी तूरडाळीचा भाव सांगत होते तेवढंच ऐकू येत होतं.

"मग आता खरं विचारतीस तर सांगतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "मी तिथं भिंतीवर तलवार मारत होतो त्या दिवशी. तुम्ही हसत होतासा. मी भिंत बघत होतो. गोठ्याची भिंत, शेणानं सारवलेली. तिच्यावर झाडाची सावली पडलीया. आता सावलीला रंग कुठला?"

"काळा," चारपाच आवाज आले.

"काळा! आयुष्यभर मी पोरांच्या कागदावरनं तो काळा रंग खोडत आलो. सावली काळी नसते रे. आभाळाचा निळा उतरतो तिच्यात. उन्हाजवळ जांभळट, बुडाशी निळसर. त्या भिंतीवर तशीच हाय. ज्यानं ती रंगवली त्यानं कुठंतरी तासन् तास बसून भिंत बघितलीया. आणि तो म्हसोबा बघितला काय? एकाच अंगाला शेवाळ हाय, जिकडं ऊन लागत न्हाय तिकडं. खेळायला त्याचा काय उपयोग? काय न्हाय. तरी केलंय. चौथ्यात ठिपके कमी होते म्हणून त्यांनी विचार केला. दहाव्यात काय पाहिजे ते हाताशी होतं, तरी विचार सोडला न्हाय. हे जास्त अवघड. माझ्या मते ही एकाच घराण्यातली माणसं हायत, आणि घराणं चांगलं चाललंय."

एवढं बोलून ते उठले, जिन्याशी गेले, आपल्या जाड कोल्हापुरी चपला उचलल्या आणि दहाव्या भागाच्या पायरीवर ठेवल्या. चपला ठेवताना करकरल्या.

मग एकच झुंबड उडाली. स्लिपरा, सँडल, राजवीरचे बूट. धक्काबुक्की संपली तेव्हा दहाव्याच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सहाव्याच्या पायरीवर राजवीरचे बूट आणि त्याच्या मित्राच्या चपला. आणि चौथ्याच्या पायरीवर एकच जोड होता, मागं निळी पट्टी असलेला.

"क्रांते," राजवीर ओरडला, "दहाव्याच्या बाजूनं बोललीस नि चप्पल चौथ्यावर?"

"पडली असंल चुकून," क्रांती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

गुरुजींनी त्या निळ्या पट्ट्या बघितल्या आणि त्यांना सगळं समजलं. वर्षभर वाट बघितलेला खेळ पोरीनं आपल्यासाठी सोडायचा ठरवला होता, आणि तोही कुणाच्या नकळत. कौतुकानं ऊर भरून यायला हवा होता. पण आला तो एक विचित्र संकोच. घरात तांब्या लांब सरकवतात ना, तसंच हेही वाटलं. त्यांनी धोतराचा सोगा सावरला. "लावा दहावा," ते वीरेशला म्हणाले. "मी बसतो बाकावर. पेपर वाचायचा राहिलाय."

"कुठं चाललासा?" शांभवीनं वाट अडवली.

"अगं, मला जमत न्हाय ते. आत्ताच सांगितलं न्हवं?"

"मग कच्चं लिंबू व्हा की!"

वीरेशनं डोळे मोठे केले. "शांभवी! गुरुजी हायत ते."

"व्हय, माहीत हाय," शांभवी म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. "मी दोन वर्षं कच्चं लिंबूच होते की हितं. कच्चं लिंबू म्हणजे काय बाहेर बसायचं असतंय व्हय? कच्च्या लिंबावर राज्य येत न्हाय, ते आऊट झालं तरी आऊट नसतंय, पण धावायचं सगळ्यांबरोबर. आता मी मोठी झाले. जागा रिकामी हाय."

गुरुजी उभेच राहिले. शाळेच्या पटांगणात हा कायदा त्यांनी स्वतः किती वेळा लावला होता. एखादं बारकं पोर बाजूला उभं दिसलं की वरच्या वर्गातल्या पोरांना दम भरायचा, याला कच्चं लिंबू करून घ्या, नाहीतर चेंडू काढून घेतो. त्या बारक्या पोराला काय वाटत असेल हे मात्र आज कळत होतं. नाव जरा झोंबत होतं. पण कुणी काही लपवत नव्हतं. बटणं कडक आहेत असं कुणी म्हणत नव्हतं.

त्यांनी क्रांतीकडं बघितलं. "तुला चालंल काय गं? मी सारखा पडणार."

"पडा की," क्रांती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "मला काय धाड भरलीया?"

वीरेशनं खेळ लावला. क्रांती, राजवीर, शांभवी आणि गुरुजी, असे चौघे पहिल्या पाळीला. ओल्या शिवारातून वाटसरू निघाले. गुरुजी मागं मागं चालत होते, थांबून भिंती बघत होते, आणि राजवीर "चला की पावणं," म्हणून ओरडत होता. पहिलं भूत झाडामागून आलं, आणि अपेक्षेप्रमाणं गुरुजी चिखलात पालथे झाले.

"गुरुजी पडलं! गुरुजी पडलं!" शांभवी किंचाळली. "उचला!"

आणि मग गुरुजींनी त्यापूर्वी न बघितलेली गोष्ट बघितली. पहिल्या दिवशी ते पडले की वीरेश खेळ पुन्हा पहिल्यापासून लावत होता, त्यामुळं पुढं काय होतं ते कधी दिसलंच नव्हतं. क्रांतीचा वाटसरू भूत तसंच सोडून मागं फिरला, चिखल तुडवत आला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं गुरुजींच्या वाटसरूला काखेत हात घालून उभं केलं. उभं राहिल्यावर त्याच्या अंगावरचा चिखल तसाच होता.

"हे चौथ्यात न्हवतं," गुरुजी म्हणाले.

"न्हाय," क्रांती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "चौथ्यात पडलं की पडलं. लढाई संपेपर्यंत तसंच. आता बाजूला व्हा, आलं ते परत!"

ते परत पडले. परत कुणीतरी आलं. एकदा शांभवी आली आणि उचलता उचलता तिनं बडबड केली, "कच्चं लिंबू हाय म्हणून नुसतं लोळायचं न्हाय, गुरुजी." हळूहळू त्यांना एवढं समजलं की भुताच्या वाटेत उभं राहायचं नाही, कडेकडेनं, वाफ्याच्या बांधानं फिरायचं. वार करायला ते जातच नव्हते. बांधावर मात्र त्यांना कुणी पाडत नव्हतं.

ओढ्याकाठी मोठं भूत आलं, म्हशीच्या आकाराचं, पाणी निथळत असलेलं. त्यानं राजवीरला एका धडकेत ओढ्यापलीकडं फेकलं. क्रांती नि शांभवी अलीकडं अडकल्या. राजवीर पडल्या पडल्या बोंबलत होता, आणि त्याच्या सगळ्यांत जवळ पलीकडच्याच बांधावरून फिरणारे गुरुजी होते.

"आजोबा, जावा की! त्याच्याजवळ जाऊन गोल बटण दाबून धरा!"

"किती वेळ?"

"तो उठेपर्यंत! सोडायचं न्हाय!"

गुरुजी गेले. गोल बटण शोधलं. ते पटकन दाबून सोडायचं नव्हतं, नुसतं धरून ठेवायचं होतं. अंगठा थरथरला तसा त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं त्या अंगठ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी बटण दाबून धरलं, चहाची बशी धरतात तसं. पडद्यावर त्यांचा चिखलानं माखलेला वाटसरू गुडघ्यावर बसला. मागून म्हशीचा आकार वळला आणि येऊ लागला.

"सोडू नका गुरुजी," राजवीर आता ओरडत नव्हता, हळू बोलत होता. "सोडू नका. आलो, आलो, उठलो..."

तो उठला.

"अरे, माझ्याकडं काय बघतोयस गाढवा?" गुरुजी गरजले, वर्गात गरजायचे तसे. "म्हस बघ म्हस, मागं!"